नाट्यसंग्रह, मराठी

एका नाटककाराची समग्र वा निवडक नाटके, अनेक लेखकांच्या एकांकिका किंवा एखाद्या नाट्यप्रकाराच्या विखुरलेल्या संहिता एकत्र करून छापलेला ग्रंथ म्हणजे नाट्यसंग्रह. कविता अथवा कथा छापली गेली की वाचकापर्यंत पोहोचते. नाटकाचे मात्र तसे नाही. ते प्रथम रंगभूमीवर येते व पुष्कळदा तेथेच संपते. मंडळी मोडली, नट वारले, हस्तलिखित वाळवीने खाल्ले, की नाटकाचे केवळ नाव उरते. मराठी रंगभूमीचा जो इतिहास आज लिहिता येतो, तो प्रयोगांच्या आठवणींइतकाच अशा संग्रहांवर आधारलेला आहे. मात्र संग्रहात काय आले आणि काय बाहेर राहिले, हे नाटकाच्या गुणांवर क्वचितच ठरले आहे.

तंजावर येथील भोसले राजांच्या आश्रयाने लिहिली गेलेली मराठी नाटके ही या भाषेतील सर्वांत जुनी उपलब्ध नाट्यसंहिता होय. शाहजी राजे (कार. १६८४–१७१२) यांचे लक्ष्मीनारायणकल्याण हे त्यांपैकी प्रसिद्ध नाटक. सरस्वती महाल ग्रंथालयाने ही हस्तलिखिते राखली म्हणून ती विसाव्या शतकात मुद्रित होऊ शकली. महाराष्ट्रातील रंगभूमीला आपल्या जन्मकाळी त्यांची काहीच माहिती नव्हती.

महाराष्ट्रात नाटकाची परंपरा विष्णुदास भावे (मृ. १९०१) यांच्या सीतास्वयंवर या आख्यानापासून सुरू झाली. त्याचा प्रयोग सांगली येथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी झाला. भावे यांनी पुढे पन्नासाहून अधिक आख्याने रचली आणि ती नाट्यकवितासंग्रह या नावाने १८८५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. मराठी नाट्यसंग्रहांची गणना या ग्रंथापासून करावी लागते. त्यात आहेत ती सूत्रधाराने म्हणावयाची पदे. राक्षसांच्या आरोळ्या, देवांची भाषणे, विदूषकाचा विनोद हे सारे नट आयत्या वेळी बोलत असल्यामुळे ते कोणी लिहून ठेवले नव्हते व छापणेही शक्य नव्हते. त्यामुळे ज्या भागाने प्रेक्षक घाबरत वा हसत, तोच नेमका भाग या संग्रहात नाही. पहिल्याच मराठी नाट्यसंग्रहाने पुढील सर्व संग्रहांची मर्यादा अशा रीतीने दाखवून दिली. भावे यांची मंडळी १८५३ मध्ये मुंबईत प्रयोगांसाठी आली, तेव्हा बोरघाटातून लोहमार्ग नव्हता. पुण्याहून मुंबईस येणारा रस्ता घाट उतरून खोपोली व खालापूरवरून पनवेलकडे जाई. मुंबईकडील लोहमार्ग खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आला, तर घाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यानंतर पुणे व मुंबई यांमध्ये फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांचे पेटारे आणि पडदे कर्जत स्थानकावरून जाऊ लागले. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने तेथेच जोडली जात.

प्रारंभीच्या मुद्रित नाटकांत प्रबोधचंद्रोदय हे १८५१ मध्ये छापलेले संस्कृत नाटकाचे भाषांतर आणि विनायक जनार्दन कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे (१८६१) हे स्वतंत्र गद्य नाटक ही विशेष उल्लेखनीय आहेत. भाषांतरित संस्कृत नाटकांना दक्षिणा प्राइझ कमिटीचे उत्तेजन मिळाले. याच कमिटीपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी तृतीय रत्न हे नाटक १८५५ मध्ये ठेवले होते. अज्ञानी शेतकरी कुटुंबाची भिक्षुकाकडून होणारी लुबाडणूक व शिक्षणाने त्यांना येणारी जाग हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही, ही हकीकत फुले यांनी स्वतः गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात नमूद केली आहे. नाटक हस्तलिखितातच राहिले व पुरोगामी सत्यशोधक या नियतकालिकात १९७९ मध्ये प्रथम छापले गेले. त्यानंतर त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या आवृत्तींत त्याचा समावेश झाला. लेखनापासून मुद्रणापर्यंत १२४ वर्षे गेली. या काळात मराठी नाटकाचे जे इतिहास लिहिले गेले, त्यांत सामाजिक नाटकाचा उगम साहजिकच दुसरीकडे शोधला गेला.

संगीत नाटकाच्या काळात मुद्रणाचे स्वरूप बदलले. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे शाकुंतल १८८० मध्ये आणि सौभद्र १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. नाटकगृहाच्या दाराशी पदांची लहान पुस्तके विकली जात. संपूर्ण संहिता छापण्यास मात्र मंडळ्यांचे चालक नाखूष असत. छापलेले नाटक दुसरी मंडळी उचलील ही भीती त्यांना होती आणि ती निराधार नव्हती. प्रत्येक नटाला केवळ आपल्या भूमिकेची ‘नक्कल’ मिळे. संपूर्ण प्रत मालकाच्या पेटीत असे. या प्रतींवर तालमींत फेरफार होत, पदे गाळली जात, नव्याने घातली जात. म्हणून एकाच नाटकाच्या मुद्रित आवृत्तींत पाठभेद आढळतात. संपादकाने कोणता पाठ प्रमाण मानावा, लेखकाचा की प्रयोगाचा, हा मराठी नाट्यसंग्रहांच्या संपादनातील मूलभूत प्रश्न असून त्याकडे फार थोड्यांनी गांभीर्याने पाहिले आहे. किर्लोस्कर १८८५ मध्ये वारले तेव्हा रामराज्यवियोग अपूर्णच होते.

छापलेल्या नाटकाला दुसरेही भय होते. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८७६ मध्ये झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या कीचकवध (१९०७) या नाटकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. पौराणिक कथेच्या आड तत्कालीन राजकारण आहे, हे प्रेक्षकांप्रमाणेच सरकारलाही समजले होते.

राम गणेश गडकरी (२६ मे १८८५–२३ जानेवारी १९१९) यांच्या नाटकांच्या संग्रहांत वरील सर्व प्रश्न एकवटलेले दिसतात. गडकरी यांचा जन्म गुजरातेत नवसारी येथे झाला. त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही भाग त्यावेळच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. पुढील शिक्षण पुण्यास झाले आणि तेथेच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्यांचा संबंध आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना ते गुरुस्थानी मानीत. प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला व भावबंधन ही त्यांची चार नाटके पूर्ण झाली. राजसंन्यास व वेड्यांचा बाजार ही अपूर्ण राहिली. त्यांपैकी पहिली दोनच त्यांच्या हयातीत रंगभूमीवर आली. सावनेर येथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भावबंधन त्यांनी शेवटच्या आजारात पुरे केले. एकच प्यालाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एक महिना उलटण्यापूर्वीच, बडोदे येथे केला. भावबंधन त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले.

एकच प्याला या नाटकाचे गद्य गडकरी यांचे असले, तरी पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. बालगंधर्वांच्या गायनाने ती पदे घरोघर पोहोचली आणि पुष्कळ वाचक ती गडकरी यांचीच समजत आले. समग्र गडकरी वाङ्मयात ती छापावीत की नाही ? ती वगळली, तर ज्या रूपात नाटक लोकांना ठाऊक आहे ते रूप मोडते. ठेवली, तर एका लेखकाच्या संग्रहात दुसऱ्याची रचना येते. सामान्यतः पदे ठेवून गुर्जरांचा निर्देश करण्याची पद्धत पडली आहे व ती योग्यही आहे. तथापि स्वस्त आवृत्तींत हा निर्देश अनेकदा गळतो.

अपूर्ण नाटकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील राजसंन्यासचे काही प्रवेशच लिहून झाले होते. लेखकाच्या मनातील शेवट काय होता, पात्रांच्या तोंडची मते पुढे कशी पालटली असती, हे उपलब्ध प्रवेशांवरून ठरविता येत नाही. तरीही हे प्रवेश मृत्यूनंतर छापले गेले, संग्रहांत आले, शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांत त्यांतील भाषणे म्हटली गेली, आणि त्यांतील संभाजी महाराजांचे चित्रण हेच गडकरी यांचे अंतिम मत, असे मानले जाऊ लागले. पुणे येथील संभाजी उद्यानातील गडकरी यांचा अर्धपुतळा ३ जानेवारी २०१७ रोजी काही कार्यकर्त्यांनी उखडला, त्याचे कारण हेच नाटक होते. संभाजी महाराजांच्या इतिहासाची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी नवी मांडणी झाली, तिच्या तुलनेत या प्रवेशांतील चित्र जुने व एकांगी ठरते, हे मान्य करावयास हवे. त्याचबरोबर अर्धे नाटक पूर्ण नाटकाशेजारी, कोणतेही स्पष्टीकरण न देता छापण्याची रूढी वाचकाची दिशाभूल करते, हेही तितकेच खरे आहे. संग्रहाच्या संपादकाने हस्तलिखिताची अवस्था, प्रवेशांचा क्रम व खंड यांची नोंद अशा ठिकाणी देणे अगत्याचे असते.

गडकरी यांचे विखुरलेले लेखन आचार्य अत्रे यांनी अप्रकाशित गडकरी (१९६२) या ग्रंथात एकत्र केले. मृत्यूला पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर १९७० च्या सुमारास त्यांच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपुष्टात येऊ लागला आणि अनेक प्रकाशकांनी आवृत्ती काढल्या. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने संपूर्ण गडकरी या नावाने त्यांचे वाङ्मय दोन खंडांत प्रसिद्ध केले. मंडळाने अण्णाभाऊ साठे व प्रबोधनकार ठाकरे यांच्या वाङ्मयाचेही खंड काढले. प्रबोधनकारांचा जन्म खालापूरला लागून असलेल्या पनवेलचा. संत एकनाथांच्या चरित्रावरील खरा ब्राह्मण (१९३३) हे त्यांचे गाजलेले नाटक होय.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून नाट्यसंग्रह म्हटले की मुख्यतः एकांकिकांचा संग्रह असाच अर्थ रूढ झाला. ‘दिवाकर’ (शंकर काशीनाथ गर्गे, १८८९–१९३१) यांच्या नाट्यछटांनी एका पात्राच्या मुखातून नाट्य उभे करण्याची वाट दाखविली होती. विजय तेंडुलकर यांचा रात्र आणि इतर एकांकिका (१९५७) हा संग्रह या प्रकाराच्या प्रौढत्वाची खूण आहे. पु. ल. देशपांडे, रत्नाकर मतकरी, महेश एलकुंचवार, सतीश आळेकर इत्यादींचे संग्रह त्यामागून आले. सत्यकथेसारख्या मासिकात एकांकिका प्रथम छापली जाई (उदा., एलकुंचवार यांची सुलतान, १९६७) व नंतर ती संग्रहात जाई. येथे क्रम उलटा झाला. पूर्वी प्रयोगानंतर पुस्तक येई, आता पुस्तकावरून प्रयोग होऊ लागले. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाल्यावर हौशी मंडळांना संहितांची सतत गरज भासू लागली आणि ती पुस्तकांनी भागविली.

असा उलटा क्रम अन्य भाषांतही दिसतो, मात्र त्याची कारणे वेगळी असू शकतात. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत १९६० नंतरच्या काळात काही महत्त्वाची नाटके रंगभूमीआधी पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली. बार्टो स्मिट यांची नाटके छापली जात, पण तेथील अनुदानित नाट्यसंस्था त्यांचे प्रयोग करण्यास कचरत. ॲडम स्मॉल यांनी केप प्रांतातील मिश्रवर्णीय वस्तीच्या बोलीत लिहिलेले ‘काना घरी येतो’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे नाटक १९६५ मध्ये छापले गेले. व्यावसायिक प्रयोगासाठी त्याला कित्येक वर्षे थांबावे लागले. वर्णभेदी राजवटीत पुस्तक सहन केले जाई, भरलेले नाट्यगृह नव्हे. तृतीय रत्न या नाटकाला यांपैकी काहीच लाभले नव्हते.

संग्रहातील नाटक खेड्यात कसे वापरले जाते, हे पाहण्यास कर्जत व खालापूर हे घाटपायथ्याचे तालुके चांगले उदाहरण आहेत. भातशेती हा येथील जुना व्यवसाय. टाटांचे जलविद्युत् केंद्र खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झाले आणि पुढे कारखाने आले. उपनगरी गाड्यांमुळे मुंबईस नोकरीसाठी रोज जा-ये करणारा वर्गही निर्माण झाला. शेतकरी, कारखान्यातील कामगार व चाकरमानी हे तिघेही गणेशोत्सवात किंवा गावच्या जत्रेत एकाच मांडवाखाली नाटक बसवितात. अशा मंडळांना संग्रह हवा असतो तो वाङ्मयीन मूल्यासाठी नव्हे. पात्रे किती, त्यांत स्त्रिया किती, नेपथ्य एक की तीन, वेळ पाऊण तास की तीन तास, हे प्रथम पाहिले जाते. म्हणूनच ‘स्त्रीपात्रविरहित’ व ‘पुरुषपात्रविरहित’ एकांकिकांचे संग्रह हा मराठी प्रकाशनव्यवसायातील एक स्वतंत्र व दीर्घकाळ खपणारा विभाग बनला. समीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नाही, परंतु शाळांची स्नेहसंमेलने आणि गावांची हौशी मंडळे यांच्यावर किती वर्षे चालली, हे ग्रंथालयांतील फाटक्या प्रतींवरून कळते. बाहेरून स्त्रीनटी आणावयाची तर मानधन व प्रवासखर्च येतो, पडदे व पोशाख भाड्याने घ्यावे लागतात. यामुळे वर्गणीच्या आकड्यावर नाटकाची निवड होते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाल्यावर अनुदानित ग्रंथालयांतून अशी पुस्तके तालुक्याच्या गावी पोहोचली. एकच प्रत आणून तिच्यावरून भूमिका वहीत उतरवून घेतल्या जात. अर्थात जुन्या मंडळ्यांची ‘नक्कल’ येथे पुन्हा अवतरते. पुस्तकाच्या आरंभी छापलेली, प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी घेण्याविषयीची सूचना अशा ठिकाणी बहुधा वाचली जात नाही.

प्रयोगासाठी राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या प्रती म्हणजे न छापलेल्या मराठी नाटकांचा मोठाच साठा होय. संशोधकांनी त्याचा उपयोग अद्याप पुरेसा केलेला नाही. साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत नाटक व एकांकिका यांचाही अंतर्भाव असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या लेखकाला पहिला संग्रह काढणे काहीसे सुकर झाले.

लोकनाट्याची स्थिती वेगळी आहे. खोपोलीजवळ साजगाव–टाकई येथे कार्तिकात विठोबाची यात्रा भरते. तेथे सुक्या मासळीचा मोठा बाजार भरत असल्याने लोक तिला बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणतात. अशा यात्रांतून देशावरचे तमाशाचे फड कोकणात उतरत. त्यांच्या वगांचे मुद्रित संग्रह अगदी मोजके आहेत. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या छापल्या गेल्या, तुलनेने वगांना मुद्रण कमी लाभले, कारण वग हा कथेच्या सांगाड्यावर त्या त्या रात्री रचला जाई. अण्णाभाऊ साठे यांची अकलेची गोष्ट, माझी मुंबई, शेटजींचे इलेक्शन इ. लोकनाट्ये छापली गेली, ती चळवळीला लिखित संहितेची गरज होती म्हणून. वसंत सबनीस यांचे विच्छा माझी पुरी करा (१९६५) पुस्तकरूपात उपलब्ध आहे. दादा कोंडके प्रयोगात ताज्या राजकीय घटनांवर जे उत्स्फूर्त बोलत, ते त्यात नाही. भावे यांच्या संग्रहातून राक्षसांची भाषणे गळली होती, त्याच कारणाने हेही गळले.

कर्जत–खालापूरच्या डोंगराळ पट्ट्यात ठाकर आणि कातकरी यांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या नाचांत व सोंगांत संवादाचा, नकलेचा व कथानकाचा अंश असतो. शासनाच्या लोकसाहित्य समितीने सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्रातील लोकगीते व लोककथा यांचे अनेक संग्रह काढले. त्यांत आदिवासींच्या गीतांना स्थान मिळाले, सोंगांना क्वचितच. गीत उतरवून घेता येते. सोंग उतरवून घ्यावयाचे तर बोललेल्या शब्दाबरोबर हालचाल, वाद्याचा ठेका, प्रेक्षकांतून आलेले उत्तर हे सर्व नोंदवावे लागते. ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण सुलभ झाल्यापासून हे शक्य झाले आहे. पण चित्रफितीवरून शब्द उतरवून, कातकरी व ठाकरी बोलींतील पाठाला प्रमाण मराठीतील अर्थ जोडून छापण्याचे काम अजून थोडेच झालेले आहे. ज्या वृद्धांना जुनी सोंगे पाठ होती त्यांची संख्या घटत चालली असून, त्यांच्या मुलांपैकी अनेकजण वीटभट्ट्यांवर वर्षातील सहा-सात महिने गावाबाहेर असतात. शिमग्याला ती गावी परततातच असे नाही.